आखणीचा खर्च कोणी सोसावा?

सरकारी तिजोरीतून धरणास, रस्त्यास वा वीजगृहास पैसा मिळाला, म्हणजे त्या पैशाचे पुढे काय झाले हे करदात्यास स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. परंतु तेच वीजगृह बांधावे की न बांधावे, बांधावयाचे तर केवढे, आणि त्याऐवजी आणखी काही करता येण्याजोगे आहे काय, एवढ्याच विचारासाठी एखाद्या संस्थेस रोख रक्कम मंजूर झाली, की त्याच्या कपाळावर आठी पडते. विचाराला पैसे कशाला लागतात, असा त्याचा सरळ प्रश्न असतो. अमेरिकेतील लहान वीजसंस्थांना कोळशाकडून सूर्य, वारा आणि पाणी यांच्याकडे वळण्याचा आराखडा करता यावा, म्हणून गेल्या काही वर्षांत तेथील सरकारने जे साहाय्य देऊ केले, त्याविषयी लिहिताना या प्रश्नाला बगल देऊन चालणार नाही. कारण त्या साहाय्याचे समर्थन आणि त्यातील वैगुण्ये ही दोन्ही याच प्रश्नाच्या उत्तरात दडलेली आहेत.

प्रथम या लहान संस्था म्हणजे कोण, ते सांगितले पाहिजे. अमेरिका म्हटली की शेअरबाजारात उलाढाल करणाऱ्या अवाढव्य वीजकंपन्याच आपल्या नजरेसमोर येतात, आणि बहुसंख्य शहरी ग्राहकांच्या बाबतीत ते खरेही आहे. परंतु त्या देशाच्या सुमारे ५६ टक्के भूभागावर वीज पोहोचवण्याचे काम ग्राहकांच्याच मालकीच्या सहकारी संस्था करतात. अशा सुमारे ९०० संस्था ४८ राज्यांत पसरल्या असून चार कोटींहून अधिक माणसे त्यांच्या तारांवर अवलंबून आहेत. त्यांखेरीज नगरपालिकांच्या व तत्सम सार्वजनिक मंडळांच्या मालकीच्या सुमारे दोन हजार वीजसंस्था निराळ्याच. खाजगी कंपनीस एक मैल तारेमागे तीसहून अधिक ग्राहक मिळतात, तेथे सहकारी संस्थेस सरासरी आठच मिळतात. म्हणजे खांब तेवढेच, तार तेवढीच, वादळात पडलेल्या झाडांचा उपद्रव तर अधिकच, आणि उत्पन्न मात्र चतुर्थांश. अशा संस्थेच्या कचेरीत व्यवस्थापक असतो, हिशेबनीस असतात, रात्री-अपरात्री खांबावर चढणारे तारतंत्री असतात. परंतु वीस वर्षांनंतर आपण वीज कोठून आणणार एवढाच विचार करण्यासाठी पगार घेणारा मनुष्य बहुधा नसतो. मोठ्या कंपनीत या कामासाठी स्वतंत्र खाते असते. या लेखाचा सारा विषय त्या एका रिकाम्या खुर्चीभोवती फिरतो असे म्हणण्यास हरकत नाही.

ही खुर्ची आरंभापासून रिकामी होती असे मात्र नाही, आणि त्याचा इतिहास मनोरंजक आहे. १९३० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील दर दहा शेतांपैकी नऊ शेते अंधारात होती. खाजगी कंपन्यांच्या मते ग्रामीण भागात तारा ओढणे हा आतबट्ट्याचा व्यवहार होता. ११ मे १९३५ रोजी अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी फर्मान काढून ग्रामीण विद्युतीकरण प्रशासन स्थापन केले, आणि पुढील वर्षी सिनेटर नॉरिस व प्रतिनिधी रेबर्न यांच्या खटपटीने त्यास कायद्याचे अधिष्ठान मिळाले. शेतकऱ्यांनी एकत्र यावे, प्रत्येकी थोडे सभासदशुल्क भरावे, संस्था नोंदवावी आणि सरकारकडून दीर्घ मुदतीचे स्वस्त कर्ज घ्यावे, अशी ती योजना होती. इतिहासकार सहसा येथपर्यंत येऊन थांबतात. परंतु कर्जाच्या बरोबरीने त्या प्रशासनाने आणखी एक गोष्ट पाठविली होती आणि ती कर्जाइतकीच मोलाची होती. संस्थेच्या पोटनियमांचा नमुना, खांबांचे व जोडण्यांचे ठरीव आराखडे, नकाशे तपासणारे अभियंते, हिशेबाची पद्धत, हे सारे वॉशिंग्टनहून येत असे. खांबांमधील अंतर वाढवून, साहित्याचे प्रमाणीकरण करून आणि मैलोन्‌मैल काम एकदमच हाती घेऊन मैलामागील खर्च खाजगी कंपन्यांच्या अंदाजाच्या निम्म्याच्या आसपास खाली आणला गेला. एवढेच नव्हे, तर वीज घेतल्यावर तिचे करावयाचे काय हे शेतकऱ्यांस समजावे म्हणून दूध काढण्याच्या यंत्रांपासून विजेच्या शेगड्यांपर्यंत सारा सरंजाम तंबूत मांडून गावोगाव हिंडणारे एक प्रदर्शनही या प्रशासनाने चालविले, आणि लोकांनी त्याला सर्कस हेच नाव देऊन टाकले. खाजगी कंपन्यांनी याला उत्तर म्हणून नियोजित संस्थेच्या क्षेत्रातील चार सधन शेते तेवढी गाठणाऱ्या तारा रातोरात ओढण्याचा मार्ग काढला, तेव्हा त्या तारांना ‘आकसाच्या तारा’ म्हणू लागले. तरीही १९५० च्या दशकाच्या प्रारंभीच दहापैकी नऊ शेतांवर दिवे लागले होते. सारांश, त्या काळी आखणीचा खर्च सरकारनेच सोसला होता; मात्र तो निराळ्या सदराखाली दाखविण्याची गरज कोणास वाटली नव्हती.

पुढे घडी बदलली. तारा ओढून झाल्या, आणि प्रश्न उरला विजेच्या पुरवठ्याचा. एकट्या-दुकट्या लहान संस्थेस स्वतःचे वीजगृह परवडत नाही, म्हणून अनेक संस्थांनी मिळून निर्मिती व पारेषण करणारे संघ उभारले. आपल्याकडे गावची विविध कार्यकारी सोसायटी आणि तिच्यावरील जिल्हा मध्यवर्ती बँक यांचे जे नाते असते, साधारण तशाच स्वरूपाचे नाते या वितरणसंस्था आणि त्यांचा संघ यांच्यामध्ये असते: मालक खालचा, पण हुकूम पुष्कळदा वरून येतो. संघाने वीजगृहासाठी कोट्यवधींचे कर्ज काढावयाचे, तर सावकारास हमी हवी. आणि ती हमी म्हणजे प्रत्येक सभासद संस्थेने लिहून दिलेला करारनामा, की पुढील तीस-चाळीस वर्षे आम्ही आमची जवळजवळ सारी वीज या संघाकडूनच घेऊ. १९७० च्या दशकात तेलाचा तुटवडा पडला, १९७८ साली अमेरिकन काँग्रेसने नव्या वीजगृहांत तेल आणि नैसर्गिक वायू जाळण्यावर निर्बंध घातले, आणि नेमक्या त्याच सुमारास विस्तार करीत असलेल्या या संघांनी कोळशाची वीजगृहे उभारली. ते निर्बंध १९८७ साली उठले. परंतु तोवर कर्जे घेऊन झाली होती आणि भट्ट्या पेटल्या होत्या. आज सहकारी वीजक्षेत्र कोळशावर अधिक विसंबून आहे याबद्दल त्यास दोष देणाऱ्यांनी हा कायदा विसरू नये.

आखणीवाचून केलेल्या व्यवहाराची किंमत किती मोठी असू शकते, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातील वॉशिंग्टन राज्याचा १९७६ ते १९८३ या काळातील इतिहास वाचावा. तेथे सार्वजनिक वीजसंस्थांच्या एका संयुक्त मंडळाने पाच अणुवीजगृहे बांधण्याचा संकल्प सोडला होता. दर दहा वर्षांनी विजेची मागणी दुप्पट होते हा दीर्घकाळचा अनुभव सर्वांच्या अंगवळणी पडला होता. त्यातच कोलंबिया नदीवरील धरणांची वीज वाटणाऱ्या बॉनव्हिल या केंद्रीय यंत्रणेने १९७६ साली आपल्या ग्राहकसंस्थांना लेखी कळविले, की काही वर्षांनंतर तुमची वाढती गरज भागविण्याची हमी आम्हांस देता येणार नाही. भीतीने घाईस जन्म दिला. चौथ्या आणि पाचव्या वीजगृहासाठी लहानमोठ्या ८८ वीजसंस्थांनी सह्या केल्या, आणि त्या करारनाम्यातील शर्त अशी होती, की वीजगृह पुरे होवो वा न होवो, त्यातून एक युनिट वीज मिळो वा न मिळो, कर्जाचा आपापला वाटा प्रत्येकाने भरलाच पाहिजे. सह्या करणाऱ्यांत नगरपालिका होत्या, जिल्हा वीजमंडळे होती, ग्रामीण सहकारी संस्था होत्या. आणि मागणीचा अंदाज स्वतः तपासून पाहण्याचे साधन त्यांच्यापैकी बहुतेकांपाशी नव्हते.

सिॲटल नगराच्या वीजखात्याने मात्र निराळा मार्ग धरला. सही करण्यापूर्वी नगराने १९९० सालापर्यंतच्या गरजेचा एक विस्तृत अभ्यास करविला. नागरिकांनी त्यात हिरिरीने भाग घेतला, आकड्यांवर आकडे तपासले गेले, आणि निष्कर्ष असा निघाला, की मागणी सांगितली जाते तितक्या वेगाने वाढणार नाही आणि जी वाढेल तिचा बराचसा भाग घरांच्या भिंती-छपरांतून वाया जाणारी उष्णता अडवून व इतर काटकसरीने भागविता येईल. १९७६ च्या जुलैमध्ये नगरपरिषदेने त्या दोन वीजगृहांत भाग न घेण्याचा निर्णय केला. पुढे काय झाले हे सर्वश्रुत आहे: खर्चाचे अंदाज पुनःपुन्हा फुगत गेले, मागणी मंदावली, १९८२ च्या जानेवारीत ती दोन्ही वीजगृहे अर्धवट अवस्थेत सोडून द्यावी लागली, आणि १९८३ साली २२५ कोटी डॉलरांचे रोखे बुडाले. अमेरिकेच्या सार्वजनिक रोख्यांच्या इतिहासात तोपर्यंत एवढी मोठी बुडीत झाली नव्हती. असा करार करण्याचा अधिकारच सार्वजनिक संस्थांना नव्हता, असा निकाल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दिल्यामुळे ग्राहक त्या कर्जातून सुटले आणि रोखेधारक बुडाले. हा न्याय झाला की नुसती सुटका झाली, यावर तेथे अजूनही वाद घालता येतो. मला येथे एवढेच दाखवावयाचे आहे, की सिॲटल हे मोठे शहर होते, अभ्यासास लागणारी माणसे आणि पैसा त्याच्यापाशी होता, म्हणून त्यास नाही म्हणता आले. नाही म्हणणे ही देखील परवडावी लागते अशी गोष्ट आहे.

आता या आखणीत असते तरी काय? वीजधंद्यातील लोक तिला एकात्मिक संसाधन नियोजन असे भारदस्त नाव देतात. तिचा गाभा असा, की वर्षातील ८७६० तासांपैकी प्रत्येक तासाला आपल्या ग्राहकांस किती वीज लागेल याचा अंदाज करावयाचा आणि ती कोणकोणत्या मार्गांनी, किती खर्चात, किती खात्रीने पुरविता येईल याची तुलना मांडावयाची. कोळशाच्या युगात वर्षाची एकूण गरज आणि तिचा सर्वोच्च बिंदू हे दोन आकडे हाती असले की काम भागत असे, कारण भट्टी केव्हाही पेटविता येते. सूर्य मावळतो आणि वारा पडतो, म्हणून तासातासाचे गणित आवश्यक झाले. कडाक्याच्या थंडीत सकाळी सात वाजता, घरोघर उष्णता आणि गरम पाणी हवे असताना सौरपट्ट्यांचा उपयोग नसतो. चार तास पुरणारी बॅटरी तीन दिवसांच्या हिमवादळात पुरी पडत नाही. उलट, उन्हाळ्यात दुपारी ओलिताचे पंप चालू असताना हीच सौरवीज नेमकी गरजेच्या वेळी हजर असते. कोणत्या संस्थेच्या ग्राहकांत पंप किती, दूधशाळा किती, विजेवर तापणारी घरे किती, यावर सारे उत्तर अवलंबून असते, आणि म्हणून शेजारच्या संस्थेचा आराखडा उचलून आपला म्हणता येत नाही.

शिवाय दराच्या रचनेत काही गुंते आहेत. पुष्कळ संघ आपल्या सभासदसंस्थांना दोन सदरांखाली बिल देतात: महिन्यात एकूण किती युनिटे घेतली त्याचे एक, आणि संघाच्या साऱ्या जाळ्यावर भार सर्वांत अधिक असताना त्या एका तासात तुमचा वाटा किती होता त्याचे दुसरे. त्या एका तासावर महिन्याच्या बिलाचा मोठा हिस्सा ठरतो. म्हणूनच सभासदांच्या घरची पाणी तापविण्याची विजेची टाकी त्या तासापुरती दूर अंतरावरून बंद करण्याची युक्ती या संस्था कित्येक दशकांपासून वापरीत आल्या आहेत. टाकीतील पाणी गरमच राहते, स्नान करणाऱ्यास काही कळत नाही, आणि संस्थेचे बिल उतरते. सौरवीज, बॅटरी, घरी उभी असलेली विजेची मोटार, या साऱ्यांचे खरे मोल याच सदरांच्या आधारे काढावे लागते. मग तारांचा प्रश्न येतो. उपकेंद्राकडून शेताकडे, अशा एकाच दिशेने वीज वाहावी म्हणून उभारलेल्या लांब ग्रामीण वाहिनीच्या शेवटच्या टोकास सौरप्रकल्प जोडला, तर दाब वाढतो, संरक्षक साधनांची मोजमापे चुकतात. कोठे किती जोडणी पेलेल याचा अभ्यास वाहिनीगणिक करावा लागतो. आणि सर्वांत शेवटी, जुन्या वीजगृहाचे अजून न फिटलेले कर्ज कोणाच्या दरांतून वसूल होणार, हा प्रश्न असतो, ज्याचे उत्तर संगणक देत नाही.

एवढ्या सगळ्यासाठी संगणकप्रणाली विकत घ्याव्या लागतात, सल्लागार नेमावे लागतात, आणि त्यांचा खर्च काही हजार ग्राहकांवर वाटला तर तो प्रत्येकाच्या बिलावर स्पष्ट दिसतो. तोच खर्च दहा लाख ग्राहकांत वाटला गेला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. लहान संस्थेस आखणीसाठी अनुदान द्यावे, या मागणीचा आर्थिक आधार एवढाच आहे, आणि तो पुरेसा आहे असे मला वाटते.

परंतु अनुदान मिळविण्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि येथेच सरकारी कारभाराचा जुना विनोद सुरू होतो. अर्जासोबत प्रकल्पाचे वर्णन हवे, खर्चाचे अंदाजपत्रक हवे, प्रदूषण किती टनांनी घटेल त्याचे गणित हवे, पुष्कळदा संस्थेने स्वतःचा काही हिस्सा घालण्याची हमी हवी. म्हणजे ज्याच्यापाशी आखणी करणारा माणूस नाही म्हणून अनुदान द्यावयाचे, त्यानेच आधी आखणी करून दाखविली पाहिजे. अर्ज लिहिण्यात वाकबगार माणसे ठेवणे ज्यास परवडते त्याच्या पदरी पैसा पडतो, आणि ज्याच्यासाठी ती तरतूद केली त्याच्या दप्तरी मंजुरीचा कागद पोहोचतच नाही. अमेरिकन काँग्रेसने २०२१ सालच्या पायाभूत सुविधांच्या कायद्यात ग्रामीण आणि दुर्गम भागांतील वीजसुधारणेसाठी एक अब्ज डॉलरांची तरतूद करताना दहा हजारांहून अधिक वस्तीची गावे वगळली, ती बहुधा या धोक्याची जाणीव ठेवूनच. मात्र वस्तीची मर्यादा घातली म्हणून अर्जाची किचकट भाषा सोपी होते असे नाही.

यावर दोन तोडगे निघाले, आणि माझ्या मते रोख अनुदानापेक्षा ते अधिक शहाणपणाचे आहेत. पहिला म्हणजे पैशाऐवजी माणूस देणे. केंद्रीय ऊर्जाखात्याने २०२२ सालापासून आपल्या राष्ट्रीय प्रयोगशाळांतील तज्ज्ञ लहान गावांच्या व वीजसंस्थांच्या दिमतीस देण्याचा एक कार्यक्रम चालविला: एखाद्या नेमक्या प्रश्नापुरता तज्ज्ञ काही तास मोफत मिळे, किंवा एकाच प्रकारच्या अडचणीत असलेल्या काही संस्थांना एकत्र बसवून काही महिने त्यांचा अभ्यासवर्ग घेतला जाई. दुसरा तोडगा म्हणजे एकाने केलेल्या आखणीचा लाभ सर्वांस व्हावा अशी व्यवस्था. २०१३ साली ऊर्जाखात्याने वीज सहकारी संस्थांच्या राष्ट्रीय महासंघास दिलेल्या अनुदानातून दीड डझनाच्या आसपास संस्थांनी मिळून छोट्या सौरप्रकल्पांचे ठरीव नमुने तयार केले: पाव मेगावॉट, अर्धा मेगावॉट, एक मेगावॉट. त्यासोबत खर्चाची कोष्टके, कर्जाचे पर्याय, कामगारांच्या प्रशिक्षणाची पुस्तिका, हे सारे सर्व संस्थांसाठी खुले ठेवले. १९३५ सालचे खांबांचे ठरीव आराखडे आठवले, तर यात नवे काही नाही. जुनेच शहाणपण नव्या यंत्रास लागू केले, एवढेच. धाक घालूनही आखणी करवून घेता येते याचेही उदाहरण आहे. पश्चिमेकडील केंद्रीय धरणांची स्वस्त वीज ज्यांस हवी, त्यांनी दर पाच वर्षांनी आपले संसाधन-नियोजन सादर केलेच पाहिजे, अशी अट १९९२ च्या ऊर्जा-कायद्याने घातली. परंतु ज्यांची वर्षाची विक्री अडीच कोटी युनिटांच्या आत आहे त्यांच्यासाठी संक्षिप्त आराखड्याची सवलतही ठेवली. लहानास लहानाच्या मापाचा कागद, हे तत्त्व आपल्याकडील खात्यांनीही उचलण्याजोगे आहे.

आखणी केल्याने फरक पडतो काय? अलास्काच्या दक्षिणेस कोडियाक नावाचे बेट आहे. मुख्य भूमीच्या जाळ्याशी त्याचा काही संबंध नाही. जे हवे ते बेटावरच निर्माण केले पाहिजे, आणि धरणाची वीज कमी पडली की जहाजाने आणलेले डिझेल जाळावयाचे असा तेथील शिरस्ता होता. २००७ साली तेथील सहकारी संस्थेच्या संचालकांनी ठराव केला, की २०२० पर्यंत ९५ टक्के वीज डिझेलवाचून निर्माण झाली पाहिजे. २००९ साली पिलर डोंगरावर तीन पवनचक्क्या उभ्या राहिल्या, तेव्हा वाऱ्याच्या लहरीपणाचा तोल धरणाचे पाणी कमीअधिक सोडून सांभाळता येई. २०१२ साली आणखी तीन उभारताना गणिताने दाखविले, की एवढ्या वाऱ्यापुढे पाण्याच्या दरवाजांची चपळाई पुरणार नाही, म्हणून त्यांच्याबरोबर बॅटऱ्या बसविल्या. पुढे बंदरावर बोटींतील अवजड पेट्या उचलणारी मोठी विद्युत यारी येणार असे ठरले, तिच्या प्रत्येक उचलीसरशी बसणारा झटका बॅटऱ्यांचे आयुष्य खाऊन टाकील असे दिसले, तेव्हा तो झटका झेलण्यासाठी २०१५ साली दोन फ्लायव्हील, म्हणजे वेगाने फिरणारी वजनदार चाके, बसविली गेली. ठरावातील मुदतीच्या कितीतरी आधी बेटाची ९९ टक्क्यांहून अधिक वीज वारा आणि पाणी यांपासून मिळू लागली. प्रत्येक पायरी गाठल्यावर पुढच्या पायरीचे गणित नव्याने मांडावे लागले, आणि ते मांडणारी माणसे संस्थेतच होती, हे मला या कथेतील मर्म वाटते.

न्यू मेक्सिको राज्यातील टाओस गावच्या किट कार्सन संस्थेपुढील अडचण वेगळी होती. ट्राय-स्टेट नावाच्या तिच्या संघाचा करार स्वतःच्या निर्मितीस पाच टक्क्यांपेक्षा अधिक मुभा देत नव्हता. इतर बहुतेक सभासदांनी कराराची मुदत २०५० पर्यंत वाढवून दिली, किट कार्सनने ती दिली नाही, आणि अखेर २०१६ साली तीन कोटी सत्तर लाख डॉलरांचे सोडपत्राचे मोल मोजून ती बाहेर पडली. ती रक्कम नव्या वीजपुरवठादाराने आगाऊ भरली, आणि २०२२ साली दिवसा लागणारी सारी वीज सूर्यापासून मिळविण्याचे तिचे लक्ष्य सिद्धीस गेले. कोलोरॅडोमधील डेल्टा-मॉन्ट्रोझ संस्थेने कालव्याच्या पाण्यावर छोटी वीजगृहे चालवून याच पाच टक्क्यांच्या कुंपणाशी झुंज घेतली व २०२० साली तीही बाहेर पडली. बाहेर पडणे हेच शहाणपण, असा मात्र याचा अर्थ नव्हे. मागे राहिलेल्या सभासदांवर जुन्या कर्जाचा बोजा वाढतो, ही संघाची तक्रारही खरी आहे. सोडपत्राचे वाजवी मोल किती, हे ठरविण्यासाठी दोन्ही पक्षांस गणित यावे लागते, एवढेच.

या अमेरिकन कथेचा एक धागा थेट पूर्वीच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यापर्यंत येऊन पोहोचतो, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. १९६० च्या दशकात वर सांगितलेल्या वीज सहकारी संस्थांच्या राष्ट्रीय महासंघाचे तज्ज्ञ अमेरिकन सरकारच्या साहाय्याने भारतात आले आणि ग्रामीण वीज सहकारी संस्थांचा प्रयोग येथे करावा असे ठरले. १९६९ साली ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाले, आणि देशात पाच ठिकाणी पथदर्शी संस्था निघाल्या: कर्नाटकात हुकेरी, तेव्हाच्या आंध्रात सिरसिल्ला, गुजरातेत कोडिनार, उत्तर प्रदेशात लखनौ आणि महाराष्ट्रात श्रीरामपूरची मुळा-प्रवरा. तारा संस्थेच्या, ग्राहक संस्थेचे, वीज मात्र राज्य वीजमंडळाची. आणि मंडळाकडून घाऊक वीज कोणत्या भावाने घ्यावयाची व कृषिपंपांना ती कोणत्या भावाने द्यावयाची, या दोहोंपैकी एकही गोष्ट पूर्णपणे संस्थेच्या हाती नव्हती. थकबाकीचा वाद वर्षानुवर्षे वाढत हजार कोटींच्या पलीकडे गेला आणि २०११ साली मुळा-प्रवरेचे क्षेत्र महावितरणकडे गेले. संस्थेच्या कारभाराचे गुणदोष सांगणारे लोक त्या भागात घरोघर भेटतील, आणि त्यांत पक्षाभिमानाचा अंशही असेल. परंतु पाटाचे पाणी, ऊस, पंप आणि वीज यांचा वीस वर्षांचा मेळ मांडून मंडळासमोर ठेवण्याचे बळ तिला आरंभापासून कोणी दिले असते, तर निदान भांडण तरी आकड्यांचे झाले असते. कर्ज आले, खांब आले. १९३५ साली अमेरिकेत त्यांच्याबरोबर आलेली तिसरी वस्तू तेवढी आली नाही, किंवा आली ती टिकली नाही.

अमेरिकेत मात्र २०२२ सालच्या कायद्याने तेथील वीज सहकारी संस्थांचे दिवस एकाएकी पालटले. तोवर सौर व पवन प्रकल्पांस मिळणारी सूट प्राप्तिकरातून वजा होत असे. सहकारी संस्था नफा मिळवीत नाहीत, कर भरीत नाहीत, म्हणून ती सूट त्यांस नुसती कागदावर होती, आणि प्रकल्प दुसऱ्याच्या नावे करून त्याच्याकडून वीज विकत घेणे हा आडमार्ग त्यांस धरावा लागे. नव्या कायद्याने सुटीऐवजी तेवढीच रोकड देण्याची सोय केली. त्यावर कृषिखात्यामार्फत ९७० कोटी डॉलर केवळ ग्रामीण वीज सहकारी संस्थांसाठी राखून ठेवले, प्रकल्पखर्चाच्या चतुर्थांशापर्यंत अनुदान देऊ केले, आणि त्याखेरीज १०० कोटी डॉलर काही अंशी माफ होणाऱ्या कर्जांसाठी दिले. १९३६ नंतर ग्रामीण विजेसाठी एवढी मोठी रक्कम निघाली नव्हती. ट्राय-स्टेट संघास त्यातून ६७ कोटी ९० लाख डॉलर मंजूर झाले, विस्कॉन्सिनच्या डेअरीलँड संघास ५७ कोटी ३० लाख. हा पैसा आखणीसाठी नव्हे, प्रत्यक्ष वीजपुरवठ्यासाठी होता. परंतु तो मागताना आपल्या एकूण वीजपुरवठ्यात प्रदूषण किती घटेल हे दाखवावे लागत असल्यामुळे, ज्यांनी आधी आखणी केली होती त्यांचे अर्ज उभे राहिले, आणि ज्यांनी केली नव्हती ते अर्जाच्या मुदतीत सल्लागार शोधत राहिले असतील असे मानण्यास जागा आहे.

त्यानंतर राज्य बदलले. २० जानेवारी २०२५ रोजी नव्या अध्यक्षांच्या आदेशाने या कायद्याखालील रकमांचे वाटप थांबले, आणि मार्चमध्ये कृषिखात्याने रकमा मोकळ्या करताना मंजुरी मिळालेल्या संस्थांना कळविले, की नव्या सरकारच्या ऊर्जाधोरणास अनुसरून आपल्या प्रस्तावात फेरबदल सुचवावयाचे असल्यास ३० दिवसांत सुचवावेत. त्याच उन्हाळ्यात वारा आणि सूर्य यांच्या करसवलतींच्याही मुदती आखडल्या गेल्या. ज्या संस्थेच्या दप्तरात तासातासाचे गणित होते, वारा नसेल तर पाणी, पाणी नसेल तर बॅटरी, तीही नसेल तर काटकसर, असे पर्याय एकापुढे एक मांडून ठेवलेले होते, तिच्या संचालक मंडळास ३० दिवस पुष्कळ झाले असतील: एक पर्याय गळला तर दुसरा उचलावयाचा, आणि त्याने दर किती चढतील ते कोष्टकात पाहावयाचे. जिच्या कपाटात सल्लागाराने बांधून दिलेला एकच जाडजूड अहवाल होता, तिला त्याच सल्लागारास पुन्हा बोलवावे लागले असेल, आणि या खेपेची त्याची फी कोणत्याही अनुदानातून मिळणार नव्हती.